पहिल्या हाकेला

आमच्या त्या गावात पहिल्या हाकेला कुणी ओ देत नसे. घरं डोंगराच्या उतारावर विखुरलेली. एका घरातून दुसऱ्या घरी जायचं तर मध्ये भाताचं खाचर, झाडीचा पट्टा आणि कुठे कुठे गुडघाभर पाणी. त्यामुळे निरोप, बोलावणं, भांडण, सगळं हाकेवर चालायचं. पण रानातून नाव घेऊन हाक मारणारं माणूसच असेल असं नाही, अशी तिथली पक्की समजूत. जे माणूस नाही ते एकदाच हाक मारतं, दुसऱ्यांदा मारत नाही. म्हणून पहिली हाक ऐकून न ऐकल्यासारखी करायची, दुसरीला कान द्यायचा आणि तिसरीला ओ द्यायची. मी लग्न होऊन तिथे गेले तेव्हा सुरुवातीला मला वाटलं, या गावाला कमी ऐकू येतं.

माझं माहेर आणि सासर दोन्ही खानापूरकडचं. नवरा सुपा भागातल्या त्या गावात मराठी शाळेचा मास्तर. नवऱ्याचं नाव मी कधी घेतलं नाही, तेव्हा इथेही मी ‘हे’ म्हणूनच लिहिणार. लोक काही म्हणोत. या वयात नवी सवय लावून घेण्याची मला हौस नाही.

शाळा देवळाशेजारच्या ओसरीवर भरायची. मास्तर एकच, आणि मुलं म्हणजे कुळवाड्यांची: सकाळी गुरं सोडून यायची आणि दुपारी गुरं वळायला पळायची. ही शाळा ह्यांनी घरोघर फिरून उभी केली होती. कुणाच्या अंगणात बसून पेज प्यायची, कुणाच्या भातकापणीला हात लावायचा आणि मग हळूच विचारायचं, पोराला पाठवता का? गावकराची, म्हणजे गावच्या मुख्य मानकऱ्याची, नात ही शाळेतली एकुलती एक मुलगी. तिच्यासाठी तर हे म्हाताऱ्याच्या अंगणात इतक्या वेळा जाऊन बसले, की शेवटी तो कंटाळून व्हय म्हणाला.

अशा माणसाला ती हाकेची रीत डोक्यात जायची. हजेरीला नाव घेतलं की पोर बाहेर रानाकडे बघत बसे. दुसऱ्यांदा घेतलं की जरा हालचाल. तिसऱ्यांदा घेतलं की खणखणीत ओ. हे वैतागत, की अर्धी सकाळ हजेरीतच जाते. शाळेच्या ओसरीवर भूत कसं येईल, असं ते मुलांना समजावून सांगत. मुलं मान डोलवत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रानाकडे बघत. शेवटी ह्यांनी हार मानली आणि तीन तीनदा नावं घेऊ लागले. पण स्वतःपुरता हट्ट सोडला नाही. कुणीही, कुठूनही हाक मारली तरी पहिल्याच हाकेला ह्यांची ओ जायची. जेवताना तोंडात घास असला तरी. एकदा तर संध्याकाळी पलीकडच्या रानातून कुणीतरी दुसऱ्याच कुणाला तरी हाक मारली, तरी ह्यांनी ओ दिली. दुसऱ्या दिवशी मुलांपुढे छाती काढून उभे राहिले आणि विचारलं, मला काही झालं का? गावातल्या बायका मला म्हणायच्या, आक्का, मास्तराला जरा आवरा. मी कुणाला आवरणार? मला घरातच आवरत नव्हते.

पहिलं महायुद्ध संपत आलं होतं त्या पावसाळ्याच्या अखेरीला मानमोडी आली. आता तिला इन्फ्लुएंझा म्हणतात. आमच्याकडे ती गाडीनं आली. कॅसलरॉकच्या स्टेशनवर आधी, मग रेल्वेच्या कामावरच्या माणसांबरोबर पायवाटांनी रानात. सकाळी अंग मोडून यायचं, मान धरायची, ताप चढायचा, आणि धडधाकट माणूस दोन-तीन दिवसांत जायचा. म्हातारे राहायचे आणि तरणे जायचे, हे लोकांना फार लागलं. शाळा बंद करण्याचा हुकूम आला तेव्हा ती तशीही बंदच पडली होती. आमच्या गावात तोवर कुणी दगावलं नव्हतं, पण आसपासच्या गावांची नावं रोज कानावर येत होती.

दिवाळी आली तशी गेली. साथ जरा ओसरल्यासारखी वाटत होती, आणि सुप्याला दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारे सरकारी साहेब, येणार, सगळ्या भागातल्या मास्तरांना बोलावलंय, असा निरोप आला. शाळा पुन्हा कशा उघडायच्या ते ठरवायचं होतं. मी म्हटलं, साथ पुरती गेली नाही, कशाला गर्दीत जाता. हे म्हणाले, न जाऊन कसं चालेल? लहान गावांच्या शाळा उठवून मोठ्या गावात न्यायचं बोलणं त्या आधीपासूनच चाललं होतं. ठरल्या दिवशी जी शाळा उघडणार नाही ती आधी उठणार, हे त्यांना समजत होतं. काळा कोट झटकून घातला, पागोटं घातलं, मी दिलेली दशमी फडक्यात बांधली आणि पहाटे निघाले. जाताना मला सांगून गेले, ओसरी सारवून ठेव.

मी ओसरी सारवली. आणि हे सुप्यात असतानाच शेजारच्या गावात कॅसलरॉकहून आलेला एक मजूर गेला, मग त्याची बायको गेली. आमच्या गावानं त्याच दिवशी शीव बांधली.

शीव बांधणं म्हणजे गावाची हद्द बंद करणं. गावात यायची वाट ओढ्यातून होती. ओढ्याच्या अलीकडच्या काठावर दोन झाडांना वेलीचा दोर बांधला, त्यात बिब्बे ओवले, नारळ ठेवला. आता आतलं माणूस बाहेर जाणार नाही आणि बाहेरचं आत येणार नाही, देव सांगेपर्यंत. देवाला विचारायचं ते दर सोमवारी. देवळातल्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवीकडची आधी पडली तर देवाचा होकार, डावीकडची पडली तर नकार. त्याला कौल म्हणतात. मी गावकराकडे धावत गेले. गावाची सगळी राखण त्याच्या शब्दावर. म्हटलं, माझं माणूस बाहेर आहे, उद्या येईल, एक दिवस थांबा. म्हाताऱ्यानं ऐकलं नाही. त्याचा स्वतःचा मुलगाही कॅसलरॉकला कामावर होता, म्हणजे बाहेरच होता. माझ्या ते तेव्हा लक्षातही आलं नाही. मला फक्त राग आला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे पलीकडच्या काठावर येऊन उभे राहिले. कोट खांद्यावर, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पाण्यात पाय टाकायच्या बेतात. गावकरानं इकडून हाक मारली. ह्यांनी पहिल्याच हाकेला ओ दिली. मग दोर दिसला. आधी हसले. मग गावकराच्या तोंडाकडे बघून हसायचे थांबले.

“मास्तर, आमी तुमाला हाकलत न्हाई,” गावकर म्हणाला. “पर सुप्यात तुमी एवढ्या गावचं मास्तर एका जागी बसलासा. कुनाच्या अंगात काय हाय, कुनाला ठावं? शीव बांधताना देवाला विचारलं, सोडताना बी देवालाच विचाराय पायजे.”

मी वाटेल ते बोलले. मास्तर गावासाठी गेले होते, तुमच्या पोरांसाठी गेले होते, आणि त्याचं हे फळ का, असं बरंच. गावकर ऐकून घेत होता. पण पलीकडून ह्यांनीच मला गप्प केलं. म्हणाले, त्यांचं बरोबर आहे. सुप्याला ठरलं त्यात हेच आहे, की आजाऱ्याजवळ जाऊन आलेल्यानं वेगळं राहावं. बैठकीत दोघं-तिघं खोकत होते. मला अजून आठवतं, हे सांगताना त्यांचा चेहरा अगदी थकलेला होता. इतकी वाट चालून, शाळा उघडायचा बेत ठरवून आलेला माणूस त्या बेतापायीच स्वतःच्या गावाबाहेर राहिला. मी असते तर शिव्या दिल्या असत्या. ह्यांनी कोट घडी घालून दगडावर ठेवला आणि तिथेच बसले.

पलीकडे काठापासून थोडं वर गावकराच्या भातशेतीची खोप होती, रानडुकरांच्या राखणीला बांधलेली. तिथे राहा म्हणाला. किंवा मास्तरांनी खानापूरला भावाकडे जावं, साथ सरली की यावं, तेही त्यानं सुचवलं. मीही तेच म्हटलं. ह्यांनी दोघांनाही ऐकवलं, की सोमवारी शाळा उघडायचा हुकूम आहे आणि मी खानापूरला जाऊन बसलो तर शाळा गेली. मग मुलांनी मोठ्या गावात जायचं म्हणजे किती कोस, आणि रानातून कोण पाठवणार? त्या नातीला तर कोणीच पाठवणार नाही. इथे मी अडले. मला दिसत होतं की हा माणूस आता हलत नाही. मला एकच हवं होतं, की हे दोराच्या अलीकडे यावेत. शाळा उघडो, न उघडो.

शाळा उघडली. सोमवारी सकाळी मी मुलांना घेऊन ओढ्याच्या काठाला गेले. दिपोटींनी ठरवलेलं सगळं ह्यांनी पलीकडून ओरडून सांगितलं आणि आम्ही ते अलीकडे केलं. शाळा उघड्यावर भरवावी, म्हणजे भरलीच होती. मुलांनी हातभर अंतर ठेवून बसावं. आजाऱ्याच्या घरचं मूल घेऊ नये. रोज मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कराव्यात. या गुळण्यांवर मुलं फार खूश झाली. काठावर ओळीनं उभी राहून मान वर करून असा आवाज करायची, की पलीकडे हे कानावर हात ठेवायचे. मास्तर आणि मुलं एकाच काठावर असावीत असं कुठे लिहिलेलं नाही, हे ह्यांनी मला पुन्हा पुन्हा सांगितलं. मुलांना शाळेत घेऊन आलो, आता ओढ्यावर घेऊन आलो, एवढाच फरक, म्हणायचे.

खरी शाळा मीच चालवत होते. मी माहेरी चार बुकं शिकले होते, त्याचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. हे पलीकडून गणित घालायचे, मुलं पाटीवर मांडायची, पाट्या वर धरायची. एवढ्या लांबून ह्यांना काय दिसणार? मग मी एकेक पाटी वाचून ओरडून सांगायची, आणि चूक असेल तर हे पलीकडून हात हलवायचे. पाणी खळाळत असायचं, त्यात पाढे म्हणायचे म्हणजे घसा फाटायचा. दुपारपर्यंत माझ्या अंगात त्राण उरायचं नाही. मग घरी जाऊन रांधायचं, ह्यांचं जेवण घेऊन पुन्हा ओढ्यावर यायचं. ओढ्याच्या मधोमध एक सपाट खडक होता, तिथपर्यंत जायची गावकरानं मला मोकळीक दिली होती. मी पाण्यातून जाऊन त्यावर भांडं ठेवायची आणि मागे फिरायची. मी काठावर पोहोचले की मग हे उतरायचे. रिकामं भांडं ते खडकावर पालथं घालून ठेवायचे. इतकी जवळची वस्तू आणि आमचे हात कधी एका वेळी तिच्यावर पडले नाहीत.

हजेरीही तशीच चालली. हे पलीकडून नाव घ्यायचे, तीन तीनदा, आणि तिसऱ्याला मुलं ओ द्यायची. पाण्यावरून आलेल्या हाकेला तर मुळीच घाई करायची नाही, असं त्यांना घरून बजावलेलं होतं. ह्यांनी एकदा चिडून विचारलं, मी समोर दिसतोय ना तुम्हाला? गावकराची नात म्हणाली, दिसताय, पण आई म्हणते, जे माणूस नाही तेही माणसासारखंच दिसतं. मुलं हसली. हेही हसले. मी मात्र हसले नाही. इकडे गावकर सकाळ-संध्याकाळ काठावर येऊन ह्यांची विचारपूस करायचा. हाक एकदाच मारावी लागायची. पहिल्याच हाकेला पलीकडून ओ. म्हातारा मान हलवून मला म्हणायचा, मास्तर काय ऐकत न्हाई. त्याच्या बोलण्यात राग नसायचा. मला वाटतं, ती ओ ऐकून त्यालाही धीर येत असेल. मला तर येतच होता. मी कधी हाक मारली नाही. नाव घ्यायचं नाही तर मारणार काय? मी खडकावर भांडं आपटून वाजवायची.

पहिल्या सोमवारी कौल डावा पडला. मी देवळात बायकांच्या मागे उभी होते. पाकळी पडली. गावकरानं उपरण्यानं डोळे पुसले, मग मला कळलं की तो आपल्या मुलासाठी पण विचारत होता. पुढच्या सोमवारीही डावा. मला देवाचा असा संताप आला, की मी घरी येऊन देवघरात दिवाच लावला नाही. या दगडाला काय कळतं, असं मनात आलं, आणि लगेच भीतीही वाटली. भीती वाटते याचाही राग आला. सगळ्या बाजूंनी माणूस दमतं ते असं.

भातकापणी अंगावर आली होती. घरोघरी हात कमी. मीही दुपारी कुणाकुणाच्या शेतात विळा घेऊन जायची, कारण त्यांनी मला तांदूळ, नाचणी पुरवली होती. रात्री अंग टाकलं की पाढे कानात वाजायचे. कधी कधी वाटायचं, आपण ओढा ओलांडून जावं, जे व्हायचं ते होवो. पण शीव मोडली तर गाव ती नव्यानं बांधणार आणि सोमवार पुन्हा पहिल्यापासून मोजणार, आणि इकडून पोरांना काठावर कोण आणणार? ह्यांनी मला दोन काठांच्या मध्ये नीट बांधून ठेवलं होतं.

मग एका शनिवारी ह्यांचा आवाज बसला. मुलांना वाटलं गंमत आहे. हे हातांनीच गणितं घालायला लागले, बोटं दाखवून. शाळा लवकर सोडली. रविवारी दुपारी मी जेवण घेऊन गेले तर हे खोपीच्या बाहेर उन्हात बसले होते, अंगावर घोंगडी, कान उपरण्यानं बांधलेले. मी खडकापर्यंत गेले आणि मागे फिरले नाही. तिथूनच विचारलं, अंगात कणकण आहे का?

“आवाज बसलाय,” हे म्हणाले. “रोज ओरडतोय, बसणारच.”

“मी येते पलीकडे.”

“उद्या कौल आहे. आज आलीस तर उद्या विचारणार नाहीत.” घोंगडी ओढून घेत म्हणाले, “एका रात्रीचा प्रश्न आहे. उद्या शाळा आहे, मुलांना वेळेवर आण.”

मी खूप वेळ तिथे उभी राहिले. पाणी पोटऱ्यांना गार लागत होतं. हे हातानं जा, जा करत राहिले, गुरं हाकल्यासारखं. शेवटी मी पेजेचं भांडं ठेवलं आणि फिरले. काठावर येऊन बघितलं तर ते उतरून आले होते. चालत आले होते, भांडं उचललं, एकदा बसून पुन्हा उठले. म्हणून मी घरी गेले. चालता येतंय, असं मी मनाशी घट्ट धरलं. ती रात्र कशी गेली ते लिहीत नाही.

सोमवारी कौल उजवा पडला.

देवळात एकदम गलका झाला. कुणी नारळ फोडला, कुणी ढोल काढला. गावकर माझ्याकडे बघून पहिल्यांदाच तोंडभर हसला आणि म्हणाला, “चला आक्का, मास्तरास्नी घरी आनू.” सगळं गाव ओढ्याकडे निघालं. मुलं पुढे धावत होती, पाट्या हातात, कारण शाळेचीही तीच वेळ होती. बायकांनी मला मध्ये घेतलं होतं. कुणीतरी माझ्या केसांत अबोली खोवली. काठावर पोहोचल्यावर गावकरानं कोयत्यानं वेलीचा दोर तोडला आणि तो पाण्यात सोडून दिला. मग कमरेवर हात ठेवून, खोपीकडे बघून, त्यानं लांबलचक हाक मारली.

“मास्तऽऽर.”

ओ आली नाही.

गाव निवांत होतं. त्यांच्या दृष्टीनं हे अगदी रीतीला धरून होतं, पहिल्या हाकेला कुणी ओ देतं का? माझ्या शेजारची म्हातारी हसून म्हणाली, “शिकलं गं बाई मास्तर आमचं. आता तिसरीलाच ओ देतंय बघ.” बायका हसल्या. पुरुषांमध्येही कुणीतरी तेच म्हणालं आणि तिथेही हसू फुटलं. सगळे आनंदात होते, आणि त्यांच्या गाठीला अजून दोन हाका होत्या.

माझ्याकडे एकही नव्हती. तेवढ्या माणसांत मला एकटीला कळलं. मी पाण्यात उतरले. लुगडं पायात अडकत होतं. पाण्यातून जाताना मी ह्यांचं नाव घेतलं, मोठ्यानं, गावासमक्ष. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं. मागून गावकराची दुसरी हाक आली. खोपीच्या दाराशी पोहोचले तेव्हा तिसरी आली. त्याला त्या पुऱ्या कराव्याच लागणार होत्या.

हे भिंतीशी टेकून बसले होते. कोट अंगात घातला होता, शाळेच्या वेळेला घालायचे तसा. पेजेला हात लागला नव्हता. अंग गार होतं, म्हणजे बराच वेळ झाला असावा. मी शेजारी बसले. माझ्या मागे गाव ओढा ओलांडून आलं आणि दाराबाहेर उभं राहिलं. आता दोर नव्हता, आता कुणीही कुणाच्या जवळ जाऊ शकत होतं.

नंतरचं थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं फार नाही. गावकराचा मुलगा कॅसलरॉकहून धडधाकट परत आला. म्हातारा त्याला घेऊन माझ्या दारात आला आणि पायरीवर बसून रडला. मला त्याचा राग यायला हवा होता, पण तेवढंही बळ नव्हतं. मानमोडी शेवटी गावात आलीच, दोन घरांत शिरली आणि निघून गेली. खानापूरहून दीर मला न्यायला आले. मी म्हटलं, नवा मास्तर येईपर्यंत थांबते, शाळा चालवते. विधवा बाईनं अशा रानात एकटं राहायचं हे त्यांना पटलं नाही, पण गावकर मध्ये पडला. दिपोटींनाही ते सोयीचं झालं असावं. निदान त्यांनी नाही म्हटलं नाही. शाळा ठरल्या सोमवारी उघडली होती, म्हणून ती गावात राहिली. नवा मास्तर यायला पुढचा पावसाळा उजाडला.

ओसरीवरच्या शाळेतली माझी पहिली सकाळ मला नीट आठवते. ओसरी पुन्हा सारवली होती, या वेळी गावकराच्या नातीनं. मुलं हातभर अंतर ठेवून बसली होती, कुणी सांगितलं नसताना. ओसरीवर फक्त पलीकडच्या गुरांच्या घंटा ऐकू येत होत्या. मला हजेरी घ्यायची होती, आणि मी स्वतःला बजावलं होतं, की घाई करायची नाही, तीन तीनदा नाव घ्यायचं, चिडायचं नाही. मुलांची रीत आहे, आपण काय बदलणार? गावात तर ती अजूनही तशीच आहे म्हणतात.

मी त्या मुलीपासून सुरुवात केली. तिचं नाव घेतलं आणि रानाकडे बघत थांबले, दुसऱ्या हाकेसाठी. तेवढ्यात तिनं ओ दिली. पुढचं नाव घेतलं, त्यानंही दिली. त्याच्या पुढच्यानंही. एकेक करून सगळी ओसरी पहिल्याच हाकेला ओ देत गेली. शेवटच्या नावापर्यंत माझा आवाज टिकला नाही, तेव्हा ते नाव त्या मुलीनंच घेतलं. तेही एकदाच.